सफाई हे रुग्णालयाचे गाभ्याचे काम नाही काय?

जुलै २००६ मध्ये इंग्लंडच्या आरोग्यसेवा आयोगाने एक चौकशी अहवाल प्रसिद्ध केला. स्टोक मँडेव्हिल या सरकारी रुग्णालयात ऑक्टोबर २००३ ते जून २००५ या काळात अतिसाराच्या दोन साथी येऊन गेल्या होत्या. ३३४ रुग्णांना लागण झाली आणि त्यांपैकी किमान ३३ जण निश्चितपणे किंवा बहुतांशी याच संसर्गाने दगावले. त्यांतील बहुतेक वृद्ध होते आणि अन्य दुखण्यांसाठी दाखल झाले होते. जीव घेणारे नवे दुखणे त्यांना रुग्णालयाच्या खाटेवर जडले.

हे का घडले, याचे आयोगाने दिलेले उत्तर लक्षात ठेवण्याजोगे आहे. रुग्णालयातील संसर्ग-नियंत्रण पथक सांगत होते की, जुलाब सुरू झालेल्या रुग्णांना ताबडतोब स्वतंत्र खोल्यांत हलवा. वरिष्ठ व्यवस्थापनाचे डोळे मात्र दोन आकड्यांवर खिळले होते : तातडीच्या विभागात रुग्णाने किती वेळ थांबावे याची सरकारने घालून दिलेली मर्यादा, आणि जमाखर्चातील तूट. पहिल्या साथीपासून धडा घेतला गेला नाही, म्हणून दुसरी आली.

पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २००७ मध्ये, त्याच आयोगाने केंट परगण्यातील मेडस्टन व टनब्रिज वेल्स येथील रुग्णालयांचा अहवाल दिला. तेथे एप्रिल २००४ ते सप्टेंबर २००६ या अडीच वर्षांत अकराशेहून अधिक रुग्णांना हीच लागण झाली होती आणि सुमारे ९० मृत्यूंचे मुख्य कारण निश्चितपणे किंवा बहुधा हा संसर्ग होता. खाटा इतक्या दाटीने लावलेल्या होत्या की, मधली जागा नीट पुसताही येत नव्हती. परिचारिका इतक्या अपुऱ्या होत्या की, शौचाला नेण्यास कोणी नसल्यामुळे रुग्णांना 'अंथरुणातच उरका' असे सांगितले गेले, अशी साक्ष नातेवाइकांनी दिली.

या दोन अहवालांची आठवण भारतीय वाचकाने ठेवावी, याचे कारण साधे आहे. तेथे निदान मेलेल्यांची मोजदाद झाली. येथे तीही होत नाही. मांडीचे हाड मोडले म्हणून दाखल झालेला एखादा वृद्ध कामगार पंधराव्या दिवशी जुलाबांनी खंगून मरतो, तेव्हा दाखल्यावर 'हृदयक्रिया बंद पडून' एवढेच लिहिले जाते. त्याची विष्ठा तपासलेली नसते आणि शेजारच्या खाटेवर तोच प्रकार सुरू झाल्याची दखल कोणी घेतलेली नसते. घरची माणसे 'त्याचे दिवस भरले होते' म्हणून मनाची समजूत घालतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये दिलेला अंदाज असा की, धनिक देशांत तातडीच्या उपचारांच्या रुग्णालयांत दाखल झालेल्या दर १०० रुग्णांपैकी ७ जणांना, तर गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत १५ जणांना रुग्णालयातच एखादा संसर्ग जडतो, आणि अशा बाधितांपैकी सरासरी दहांत एकाचा त्यात बळी जातो. आतड्याचा संसर्ग हा त्यातील एक भाग आहे. परंतु रुग्णालयाच्या कारभाराचे खरे रूप जितके या भागात उघडे पडते, तितके अन्यत्र क्वचितच पडते.

जंतू आणि त्याला मिळणारी वाट

या संसर्गाचे मुख्य कारण असलेल्या जंतूचे नाव क्लॉस्ट्रिडिऑइडीस डिफिसील असे आहे. १९३५ साली हॉल आणि ओटूल या अमेरिकन संशोधकांनी तो निरोगी नवजात बालकांच्या विष्ठेत प्रथम पाहिला. प्रयोगशाळेत वेगळा काढण्यास तो फार कठीण, म्हणून लॅटिनमधील 'कठीण' या अर्थाचा शब्द त्याच्या नावाला जोडला गेला. पुढे चार दशके त्याच्याकडे कोणी विशेष लक्ष दिले नाही. १९७४ मध्ये अमेरिकेतील एका रुग्णालयात क्लिंडामायसिन हे औषध दिलेल्या २०० रुग्णांची पाहणी झाली. त्यांतील सुमारे पाचांत एकाला जुलाब लागले आणि दहांत एकाच्या मोठ्या आतड्यात पिवळसर पापुद्रे साचलेले आढळले. या दुखण्याला डिफिसीलचे विष कारणीभूत आहे, हे १९७८ मध्ये सिद्ध झाले.

या इतिहासातच रोगाचे मर्म आहे. माणसाच्या मोठ्या आतड्यात असंख्य निरुपद्रवी सूक्ष्मजीवांची दाट वस्ती असते. ही वस्ती शाबूत असेपर्यंत डिफिसीलला पाय रोवण्यास जागा मिळत नाही. प्रतिजैविके मात्र शत्रू आणि मित्र असा भेद करीत नाहीत. छातीतील किंवा मूत्रमार्गातील जंतू मारण्यासाठी दिलेले औषध आतड्यातील ही राखणदार वस्तीही उजाड करते. अशा वेळी डिफिसीलचे बीजाणू तोंडावाटे पोटात गेले, तर मोकळ्या पडलेल्या रानात ते वेगाने फोफावतात. त्यांच्या विषाने आतड्याचे अस्तर सुजते व सोलवटते. दिवसातून तीन किंवा अधिक वेळा पाण्यासारखे जुलाब होतात, पोटात कळा येतात, ताप चढतो. प्रकृती आणखी बिघडली तर आतडे फुगते, प्रसंगी फुटते, आणि रुग्ण हाती लागत नाही. पासष्टीपुढील माणसे, दीर्घकाळ दाखल असलेले रुग्ण आणि आम्लपित्ताच्या गोळ्या नियमित घेणारे यांना धोका अधिक असतो. अमेरिकेत २०११ या एका वर्षात अशा सुमारे साडेचार लाख लागणी झाल्या आणि निदानानंतर ३० दिवसांच्या आत सुमारे २९ हजार माणसे मरण पावली, असा तेथील अभ्यासकांचा अंदाज आहे.

तेव्हा रोग होण्यास दोन गोष्टी लागतात : प्रतिजैविकांनी उजाड केलेले आतडे आणि तेथवर पोहोचणारा बीजाणू. पहिली गोष्ट डॉक्टरांच्या लेखणीने घडते. दुसरी गोष्ट घडते ती न धुतलेल्या हातांनी, न पुसलेल्या खाटेने आणि सामाईक शौचपात्राने.

साबण, पाणी आणि क्लोरीन

बीजाणू म्हणजे कवचात झोपलेला जंतू. खाटेच्या दांड्यावर, दाराच्या कडीवर, शौचालयाच्या नळावर, फरशीवर तो महिनोन्महिने टिकतो. कोविडच्या साथीनंतर रुग्णालयांतून दर दहा पावलांवर मद्यार्कयुक्त द्रावाची बाटली टांगलेली दिसते. इतर अनेक जंतूंवर ती उपयोगी आहे, पण या बीजाणूचे ती काहीही बिघडवू शकत नाही. तो हातावरून निघतो केवळ साबणाने आणि वाहत्या पाण्याने चोळून धुतल्यावर. फिनेलचा दरवळ नाकाला स्वच्छतेचा भास देतो, पण बीजाणूला मारत नाही. त्यासाठी पृष्ठभाग आधी धुऊन मग क्लोरीनच्या द्रावणाने पुसावा लागतो. दर दशलक्ष भागांत किमान एक हजार भाग क्लोरीन असे त्याचे प्रमाण हवे आणि तो द्राव पुरेसा वेळ ओला राहिला पाहिजे. क्लोरीनचा हा मार्ग नवा नाही. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात झेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये डॉक्टरांना क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्यात हात धुण्यास लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. त्या काळच्या प्रतिष्ठित वैद्यकमंडळाला ते पटवून घेणे मात्र फार जड गेले.

बाकीचे नियमही असेच साधे आहेत. प्रतिजैविक घेत असलेल्या रुग्णाला जुलाब लागताच, तपासणीच्या निकालाची वाट न पाहता त्याला वेगळे ठेवावे. त्याला स्वतंत्र शौचालय किंवा स्वतःचे शौचपात्र द्यावे. स्वतंत्र खोली नसेल तर अशा रुग्णांची एका बाजूला वेगळी सोय करावी आणि त्यांच्यासाठी शक्यतो वेगळ्या परिचारिका नेमाव्यात. त्याला हात लावताना हातमोजे व ॲप्रन वापरावेत, ते तेथेच टाकावेत आणि मग हात धुवावेत. जुलाब थांबल्यावरही किमान ४८ तास ही काळजी सोडू नये. रुग्ण घरी गेल्यावर खाट, गादीचे आवरण, कपाट, पडदा, सलाईनची दांडी हे सर्व क्लोरीनने स्वच्छ झाल्याशिवाय त्या खाटेवर दुसरा रुग्ण घेऊ नये.

या यादीत परदेशातून आणावे लागेल असे एकही यंत्र नाही, दुर्मिळ द्रव्य नाही. लागतात ती चोवीस तास वाहणारे नळ, साबण, ब्लीचिंग पावडर, पुरेशा खोल्या आणि पुरेशी माणसे. आणि नेमक्या याच गोष्टींची वानवा आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २०२२ मध्ये जाहीर केले की, जगातील निम्म्या आरोग्यकेंद्रांत उपचाराच्या जागी व शौचालयात हात धुण्याची किमान सोयही नाही. ज्या वॉर्डात तीस खाटांवर पन्नास रुग्ण आणि उरलेले जमिनीवर, जेथे रात्रपाळीला एक परिचारिका आणि दोन वॉर्डांमिळून एक सफाई कामगार, तेथे 'हात धुवा' अशी पाटी लावणे ही रुग्णांची आणि कर्मचाऱ्यांची क्रूर थट्टा आहे.

कंत्राटदाराचा झाडू

येथे प्रश्न वैद्यकाच्या कक्षेतून श्रमाच्या कक्षेत येतो. १९८३ मध्ये थॅचर सरकारने ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेला आदेश दिला की, सफाई, धुलाई आणि भोजन ही कामे निविदांच्या बाजारात मांडा. कमीत कमी बोलीवर काम घेणाऱ्या कंत्राटदाराला नफा मिळवण्याचा मार्ग एकच असतो : माणसे कमी करणे, तास कमी करणे आणि मजुरी दाबणे. फडके आणि बादल्या यांत वाचवण्याजोगे असतेच किती? कालपर्यंत जो सफाई कामगार वॉर्डच्या सिस्टरच्या देखरेखीखाली, रुग्णांना नावाने ओळखत काम करीत होता, तो एका रात्रीत परक्या मुकादमाचा माणूस झाला. खाटेखाली घाण दिसली तरी ती पुसून घेण्याचा अधिकार सिस्टरकडे उरला नाही, कारण ती बाब कराराच्या कागदात नव्हती.

या धोरणाचा हिशेब पुढे लागला. इंग्लंडमधील १२६ रुग्णालय-न्यासांच्या २०१० ते २०१४ या काळातील आकड्यांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. सफाई बाहेरच्या कंपन्यांकडे सोपवलेल्या रुग्णालयांत मेथिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जंतूच्या लागणीचे प्रमाण, स्वतःचे सफाई कामगार असलेल्या रुग्णालयांपेक्षा जवळपास दीडपट आढळले. हा जंतू आतड्याच्या अतिसाराचा नाही, हे खरे. परंतु तोही हातांवरून आणि खाटांवरून पसरतो, आणि बीजाणूंनी टिकणारा डिफिसील तर सफाईच्या हलगर्जीपणाचा त्याहून अधिक फायदा उठवतो. स्कॉटलंडच्या सरकारने २००८ मध्ये रुग्णालयांतील सफाईचे आणखी खासगीकरण थांबवण्याचा निर्णय घेतला, तो साथींच्या अनुभवानंतरच. तेथील वेल ऑफ लेव्हन रुग्णालयात २००७ व २००८ या दोन वर्षांत १४३ रुग्णांना डिफिसीलची लागण झाली होती आणि ३४ मृत्यूंना ती कारणीभूत ठरली, असे न्यायिक चौकशीने २०१४ मध्ये नमूद केले.

ब्रिटनने ज्या वाटेवर ठेचा खाल्ल्या, त्याच वाटेने भारताचे राज्यकर्ते आज मोठ्या अभिमानाने निघाले आहेत. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात निदान एवढी तरतूद होती की, एखादे काम कायमस्वरूपी व आस्थापनेच्या दृष्टीने आवश्यक असेल, तर सरकार त्यातील कंत्राटी पद्धत बंद करू शकेल. त्या तरतुदीचा वापर क्वचितच झाला, तरी कामगार संघटनांच्या हाती ते एक हत्यार होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आणलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने 'गाभ्याचे काम' अशी नवी व्याख्या आणली. गाभ्याच्या कामात कंत्राटी कामगार नेमण्यास बंदी, असे वरकरणी चांगले वाटणारे कलम त्यात आहे. पण झाडणे, पुसणे, सफाई ही कामे त्या गाभ्यातून वगळली आहेत. आस्थापनाच सफाईसाठी उभारलेले असेल तर गोष्ट वेगळी, अशी सवलत आहे. रुग्णालय अर्थातच त्या सवलतीत बसत नाही.

म्हणजे कायद्याच्या दृष्टीने रुग्णालयातील सफाई हे रुग्णालयाचे गाभ्याचे काम नाही! डिफिसीलचा बीजाणू या व्याख्येला भीक घालणार नाही. शल्यचिकित्सकाने चार तास खपून वाचवलेला रुग्ण न पुसलेल्या खाटेमुळे आठव्या दिवशी दगावत असेल, तर शस्त्रक्रिया हे गाभ्याचे काम आणि खाट पुसणे हे किरकोळ काम, असा भेद करण्यास विज्ञानाचा कोणता आधार आहे? या भेदाला आधार आहे तो दोनच गोष्टींचा : कंत्राटदाराचा नफा, आणि घाण उपसणाऱ्याला कायम उंबऱ्याबाहेर उभे करणारी जातिव्यवस्था. आपल्या देशात रुग्णालयांतील सफाईचे काम आजही प्रामुख्याने दलित स्त्री-पुरुषांच्या माथी आहे. हातमोजे न देता त्यांना विष्ठेची भांडी धुवायला लावले जाते, आजारी पडल्यास दिवसाची मजुरी कापली जाते, आणि साथ पसरली की पहिला ठपकाही त्यांच्यावरच येतो.

डॉक्टरांची लेखणी

केवळ सफाईने हा प्रश्न सुटेल असे म्हणणे मात्र अर्धसत्य ठरेल. इंग्लंडचाच पुढचा अनुभव त्याला साक्ष आहे. २००७-०८ मध्ये तेथे डिफिसीलच्या ५५ हजारांहून अधिक लागणी नोंदल्या गेल्या. २०१३-१४ पर्यंत हा आकडा १३ हजारांच्या आसपास आला. सहा वर्षांत तीन-चतुर्थांश घट! प्रत्येक लागण नोंदवणे सक्तीचे झाले, स्वतंत्र खोल्या व क्लोरीनच्या सफाईवर भर दिला गेला, आणि त्याचबरोबर फ्लुरोक्विनोलोन व सेफॅलोस्पोरिन या वर्गांतील प्रतिजैविकांच्या वापरावर कडक बंधने आली. २०१७ मध्ये ऑक्सफर्ड व लीड्स येथील संशोधकांनी जंतूंच्या जनुकांचा मागोवा घेऊन दाखवले की, या घटीत सर्वांत मोठा वाटा फ्लुरोक्विनोलोनचा वापर घटल्याचा होता. त्या औषधांना दाद न देणारे जंतूंचे घातक वाण त्यामुळे मागे हटले.

भारतात ही लेखणी किती मोकाट आहे, याचा पुरावा सरकारच्याच पाहणीत आहे. राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राने २०२१-२२ मध्ये २० मोठ्या रुग्णालयांतील ९,६५२ रुग्णांची पाहणी केली. त्यांतील जवळपास ७२ टक्के रुग्णांना प्रतिजैविके चालू होती. त्यांतही निम्म्याहून अधिक वेळा ती झालेल्या संसर्गासाठी दिली नव्हती, पुढे संसर्ग होऊ नये म्हणून दिली होती. आणि अर्ध्याहून अधिक औषधे ही जागतिक आरोग्य संघटनेने 'जपून वापरा' म्हणून वेगळ्या काढलेल्या गटातील होती.

यात एकट्या डॉक्टरला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे सोपे आहे, पण न्यायाचे नाही. बाह्यरुग्ण विभागात एका सकाळी शंभर-दीडशे रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरपाशी जंतूंची तपासणी करून घेण्याइतका वेळ नसतो आणि जवळ प्रयोगशाळाही नसते. वॉर्ड अस्वच्छ आहे हे ठाऊक असल्यामुळे तो भीतीपोटी आधीच प्रतिजैविक देऊन मोकळा होतो. सफाईतील कपात अशी औषधांच्या अतिवापरात रूपांतरित होते, आणि औषधांचा अतिवापर पुन्हा डिफिसीलला वाट करून देतो. खासगी रुग्णालयांत तर औषधाचे दुकान मालकाचेच असते आणि औषधाच्या प्रत्येक बाटलीवर नफा असतो. कंपन्यांनी डॉक्टरांना द्यावयाच्या भेटींवर व प्रलोभनांवर कायद्याने बंदी घालावी, या मागणीसाठी औषध व विक्री प्रतिनिधींच्या अखिल भारतीय महासंघाला सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. मार्च २०२४ मध्ये सरकारने आणलेल्या विपणन संहितेत उल्लंघनाला फौजदारी शिक्षा नाही. कारवाई करावयाची ती कंपन्यांच्याच संघटनांनी.

याच देशात वेगळे काही करता येते, हे केरळने दाखवले आहे. प्रतिजैविकांच्या प्रश्नावर स्वतःचा कृती आराखडा आणणारे ते २०१८ मध्ये पहिले राज्य ठरले. २०२४ मध्ये तेथील आरोग्य व औषध विभागांनी चिठ्ठीशिवाय प्रतिजैविके विकणाऱ्या दुकानांविरुद्ध तपासणी मोहीम सुरू केली. देशभर लागू असलेला अनुसूची एच-१ चा नियम २०१४ पासून पुस्तकात आहेच. प्रश्न आहे तो राबवण्याच्या इच्छाशक्तीचा.

उपचार : गरज आणि बाजार

लागण झालीच, तर उपचाराचे पहिले पाऊल फुकटचे आहे : शक्य असल्यास मूळ प्रतिजैविक बंद करणे. शरीरातील पाणी व क्षार भरून काढणे, जुलाब दाबून टाकणाऱ्या गोळ्या टाळणे, आणि विष्ठेची तपासणी करणे हे त्यापुढचे काम. जुलाब नसलेल्या माणसाच्या विष्ठेत जंतू सापडला म्हणून औषध देऊ नये, असेही शास्त्र सांगते. खरा उपचार म्हणजे व्हँकोमायसिन तोंडावाटे, १२५ मिलिग्रॅम दिवसातून चार वेळा, दहा दिवस. शिरेतून दिलेले व्हँकोमायसिन आतड्यापर्यंत पोहोचत नाही, ही गोष्ट अनेकदा विसरली जाते. महागड्या कॅप्सुल मिळत नसतील, तर इंजेक्शनच्या कुपीतील तीच पूड औषधनिर्मात्याच्या देखरेखीखाली पाण्यात विरघळवून पिण्यास देता येते. आजार सौम्य असेल आणि दुसरे काही उपलब्ध नसेल, तर मेट्रोनिडॅझोल या स्वस्त गोळीचाही उपयोग होतो.

व्हँकोमायसिन १९५८ पासून वापरात आहे, आणि त्याचे मूळ पेटंट कधीच संपले. तरीही अमेरिकेत त्याच्या कॅप्सुलांचा स्वस्त पर्याय बाजारात येण्यास २०१२ साल उजाडले. तेथील संघराज्य व्यापार आयोगाने २०१७ मध्ये न्यायालयात आरोप केला की, मक्ता हाती असलेल्या कंपनीने औषध प्रशासनापुढे व न्यायालयांत तब्बल ४६ अर्ज व दावे करून हा पर्याय अडवून धरला. आरोप खरा की खोटा, याचा निवाडा झालाच नाही. तो प्रकार दावा दाखल होण्यापूर्वीच थांबला होता, एवढ्या तांत्रिक कारणावर दावा निकालात निघाला. २०११ मध्ये आलेल्या फिडॅक्सोमायसिनने आजार उलटण्याचे प्रमाण कमी होते. तेथे एका उपचारक्रमाची सुरुवातीची किंमतच २,८०० डॉलर होती.

या रोगाचा खोडसाळपणा असा की, बरा झालेल्या सुमारे पाचांत एका रुग्णात तो उलटतो, आणि एकदा उलटला की पुन्हा पुन्हा उलटतो. त्यावरील उपाय निसर्गाच्याच हाती आहे. निरोगी माणसाच्या विष्ठेतील सूक्ष्मजीवांची वस्ती तपासून, शुद्ध करून रुग्णाच्या आतड्यात सोडली की, उजाड रान पुन्हा भरून येते. १९५८ मध्ये डेन्व्हर येथील आयझमन व सहकाऱ्यांनी चार रुग्णांवर हा प्रयोग यशस्वी केला होता. २०१३ मध्ये नेदरलँड्समधील चाचणीत एकाच मात्रेने १६ पैकी १३ रुग्ण बरे झाले, तर केवळ व्हँकोमायसिन दिलेल्या १३ पैकी चारच. फरक इतका ठळक होता की, चाचणी मध्येच थांबवावी लागली.

हे 'औषध' कोणाच्या कारखान्यात बनत नाही. रक्ताप्रमाणे ते एका निरोगी माणसाने दुसऱ्या आजारी माणसाला द्यावयाचे दान आहे. अमेरिकेत २०१२ मध्ये स्थापन झालेल्या ओपनबायोम या ना-नफा पेढीने ते देशभर पुरवलेही. पण नोव्हेंबर २०२२ व एप्रिल २०२३ मध्ये दोन कंपन्यांच्या व्यापारी उत्पादनांना परवाने मिळाले, त्यांतील गोळीच्या एका उपचारक्रमाची किंमत १७,५०० डॉलर ठरली, आणि ना-नफा पेढीला २०२४ अखेर पुरवठा आवरता घ्यावा लागला. माणसाने माणसाला फुकट द्यावयाची वस्तू पाहता पाहता बाजारातील माल बनली. साबण, नळ आणि सफाई कामगार यांच्यावर नफा मिळत नाही, म्हणून त्यांची वानवा राहते. आजार उलटल्यानंतरच्या गोळीवर मात्र अमाप नफा मिळतो, म्हणून तिच्यासाठी भांडवल तत्पर असते.

मागण्या

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले होते. २०२१-२२ मध्ये, म्हणजे कोविडच्या वर्षातही, तो १.८४ टक्केच होता. या तुटीची किंमत वॉर्डातील खाटेवर मोजली जाते. म्हणून कामगार संघटनांनी, परिचारिका व डॉक्टरांच्या संघटनांनी आणि रुग्णहक्कांसाठी झटणाऱ्यांनी पुढील मागण्यांवर एकजूट करणे अगत्याचे आहे :

१. रुग्णालयातील सफाई हे कायद्याने गाभ्याचे काम मानावे. सर्व कंत्राटी सफाई कामगारांना सेवेत कायम करावे, त्यांना संसर्ग-नियंत्रणाचे प्रशिक्षण, हातमोजे, लसी आणि पगारी आजाररजा द्यावी.

२. प्रत्येक वॉर्डात खाटांच्या प्रमाणात परिचारिका व सफाई कामगार यांची किमान संख्या ठरवावी, आणि ती न पाळणाऱ्या सरकारी व खासगी रुग्णालयांवर कारवाई करावी.

३. चोवीस तास पाणी, साबण आणि क्लोरीन, तसेच अतिसाराच्या रुग्णांसाठी स्वतंत्र खोल्या व शौचालये यांवाचून कोणत्याही रुग्णालयाला परवाना देऊ नये.

४. रुग्णालयात जडलेल्या प्रत्येक संसर्गाची नोंद सक्तीची करावी आणि ते आकडे जनतेपुढे ठेवावेत. डिफिसीलच्या विषाची तपासणी जिल्हा रुग्णालयापर्यंत मोफत उपलब्ध करावी.

५. औषध कंपन्यांच्या प्रलोभनांना फौजदारी शिक्षा असलेला कायदा करावा, आणि प्रत्येक मोठ्या रुग्णालयात प्रतिजैविकांच्या वापरावर देखरेख ठेवणारी समिती नेमावी.

६. तोंडावाटे घ्यावयाचे व्हँकोमायसिन सरकारी रुग्णालयांत मोफत द्यावे. १९५४ मध्ये पिंपरी येथे सार्वजनिक क्षेत्रात उभारलेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची विक्री करण्याचा विचार कायमचा सोडून तेथे गरजेच्या प्रतिजैविकांचे उत्पादन वाढवावे. विष्ठा-प्रत्यारोपणाच्या पेढ्या रक्तपेढ्यांप्रमाणे सार्वजनिक मालकीच्या असाव्यात.

यांतील एकही मागणी विज्ञानाच्या आवाक्याबाहेरची नाही. इंग्लंडसारख्या भांडवली देशातही जनमताच्या रेट्याने सरकारला हालचाल करावी लागली आणि सहा वर्षांत लागण तीन-चतुर्थांशाने घटली. भारतातील रुग्णाला, आणि त्याची खाट पुसणाऱ्या कामगाराला, त्याहून कमी मिळावे असे कोणत्याही शास्त्रात लिहिलेले नाही. वॉर्डातील सिस्टर, सफाई कामगार आणि खाटेवरचा रुग्ण यांचे हितसंबंध एकच आहेत. ते एकत्र आले, तर सफाई हे गाभ्याचे काम आहे, हे संसदेलाही मान्य करावे लागेल.